कूलर थांबला की

१

मे महिन्यात नागपुरात दुपारी कोणी कोणाकडे जात नाही. गेलंच तर घरचे लोक आधी पाणी देतात आणि मग डोकं फिरलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. जेवणं आटोपली की प्रताप नगरातल्या गल्ल्या दारं लावून घेतात, आणि घरोघरी एकेका खिडकीत बसवलेला लोखंडी कूलर घरघरत राहतो. वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून गार हवा येते. त्या हवेत चटई टाकून पडलं की माणूस धड झोपत नाही आणि धड जागाही राहत नाही. नंदिनीला वर्षातले हेच दिवस सर्वांत जास्त आवडायचे. बाहेर जग भाजून निघत असताना आपण एका गार, तपकिरी अंधारात पडलेलो आहोत आणि आपल्या शेजारी आपली लेक लोळते आहे, यापेक्षा जास्त सुख तिनं कधी मागितलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी तिच्या नवऱ्यानं, अंकुशनं, आमूचा व्हिडिओ काढला होता. आमू म्हणजे आम्रपाली, वय सात, समोरचे दोन दात पडलेले. बुद्धपौर्णिमेला विहारात तिला चार वाक्यं बोलायची होती आणि बापानं तालीम घ्यायचं मनावर घेतलं होतं. अंकुश कॉलेजात भूगोल शिकवायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या शिकवण्याच्या हौसेला घरात एवढं एकच गिऱ्हाईक होतं.

संध्याकाळी भावाला पाठवण्यासाठी म्हणून नंदिनीनं तो व्हिडिओ बघायला घेतला.

आमूनं दोन वाक्यं छान म्हटली. तिसऱ्याला अडखळली, वर छताकडे बघितलं, एक हात उचलला, आणि तेवढ्यात कूलरची घरघर खाली खाली जात थांबली. लाइन गेली होती. आमूचा हात तसाच वर राहिला. तोंड अर्धवट उघडं. मान वळून कूलरच्या दिशेला गेली आणि तिथंच थांबली.

"बोल ना, आमू. पुढं का हाय?" अंकुशचा आवाज आला.

आमूचा हात खाली आला नाही. बराच वेळ गेला. मग कूलर पुन्हा घरघरला, आणि आमूनं तिसरं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचलून पुरं केलं.

नंदिनीच्या लक्षात आलं की आपला अंगठा पलंगाच्या कडेवर दाबलेला आहे. कामाची सवय. प्रयोगशाळेत पडद्यावरचा उंदीर गोठला की ती एक बटन दाबून धरायची आणि तो हलला की सोडायची. नियम साधा होता: श्वासाशिवाय काहीच हलत नसेल तर उंदीर गोठला. सात वर्षांत तिची नजर त्यात एवढी तयार झाली होती की झोपलेला, थबकलेला आणि गोठलेला, यातला फरक ती लांबून सांगू शकत होती. आमू थबकली नव्हती. आमू गोठली होती.

तिनं व्हिडिओ परत लावला, आणि या वेळी तिला मागचं दार दिसलं. दारात ती स्वतः उभी होती. हातात पाण्याचा ग्लास, तोही कलंडलेला, आणि पाण्याची धार संथपणे फरशीवर पडत होती. व्हिडिओतली नंदिनी ती धार थांबवत नव्हती. तिचेही डोळे कूलरवर होते.

दुपारी फरशी पुसताना हे पाणी कोणी सांडलं म्हणून आपणच कुरकुर केली होती, हे तिला आठवलं. बाकी काहीच आठवलं नाही.

"तुम्ही दोघी तं नेहमीच अशा होता," अंकुश टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला. "लाइन गेली का पुतळे."

"नेहमी?"

"लग्न झालं तवापासून पाहून राहिलो. मले वाटलं, तुह्या माहेरची रीत असंल."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? तवा तुले ऐकू कुठं जाते."

२

घाबरलेल्या उंदरांकडे बघत बसणं ही नंदिनीची नोकरी. असं सांगितलं की लोक हसायचे आणि ती त्यांना हसू द्यायची.

शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत तिचं काम चाले. उंदराला एक टुंग असा आवाज ऐकवायचा आणि त्याच क्षणी पायाखाली हलकासा विजेचा चटका. दोनचारदा असं झालं की पुढं नुसत्या आवाजानंही उंदीर गोठतो. मग उलटं शिकवायचं. आवाज ऐकवायचा, चटका द्यायचा नाही. पुन्हा आवाज, पुन्हा चटका नाही. हळूहळू उंदीर सैल होतो, मिशा हलवतो, भुसा उकरायला लागतो. काही उंदीर पटकन शिकतात. काही शिकतच नाहीत. असं का होतं, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तराचा एक धागा त्यांना आरएनएमध्ये सापडला होता. पेशीत आरएनए निरोप्याचं काम करतो. अमुक प्रथिन बनवा असा निरोप घेऊन जातो आणि ते प्रथिन बनतं. भीतीची आठवण पक्की व्हायलाही अशी प्रथिनं लागतात. पण काही आरएनए टीचभर असतात. ते स्वतः काहीच बनवत नाहीत. धावत्या निरोप्याला जाऊन चिकटतात, आणि तो निरोप तिथंच मुका होतो. मेंदूत खोलवर, माणसात बदामाएवढ्या आणि उंदरात मोहरीएवढ्या एका जागी, यातला एक टीचभर आरएनए सुईनं वाढवला तर उंदराची भीती भराभर सैल पडते, असं त्यांना दिसत होतं.

"भीती पुसल्या नाई जात, मॅडम," तिचा सहकारी धम्मानंद म्हणायचा. "तिले फकत गप बसवलं जाते. ती तिथंच असते." ही ओळ त्याला स्वतःलाच एवढी आवडली होती की तो ती पाहुण्यांना, विद्यार्थ्यांना आणि एकदा तर चहावाल्यालाही ऐकवून आला होता.

सोमवारी नंदिनीनं त्याला विचारलं, "लाइन जाते आणि जनरेटर सुरू होतो, त्यामधल्या वेळात आपले उंदीर काय करतात?"

"गोठतात. सगळेच. तेवढा तुकडा आपण कापून टाकतो ना."

"त्यांना कोणी शिकवलंय?"

"शिकवाचं का त्यात? एसीचा आवाज एकदम बंद पडला. जंगलात सगळं एकदम गप झालं का समजाचं, कोणीतरी येऊन राहिलं. ते उंदराच्या रक्तातच हाय. उंदराच्या बापानं खाल्लेली भीती पोरात उतरते असंबी लोकांनी दाखवलं. त्यातबी हेच बारके आरएनए."

"आणि माणसात?"

"माणसात कोण करू देते प्रयोग," धम्मानंद म्हणाला आणि चहा घ्यायला गेला.

नंदिनीनं कापून टाकलेले ते तुकडे काढून बघितले. उंदरांच्या खोलीत भिंतीवर एसीची जाळी होती आणि हवा येते की नाही ते कळावं म्हणून तिला कागदाची एक पट्टी बांधलेली होती. एसी चालू असताना पट्टी फडफडे. लाइन गेली की ती लोंबे आणि ओळीनं ठेवलेल्या पेट्यांतले सगळे पांढरे उंदीर त्या जाळीकडे तोंड करून थिजत. आवाज जाळीतूनच येतो, मग आवाज थांबला की तिकडंच बघणार, तिनं स्वतःला समजावलं. हे पटण्यासारखं होतं. घरी कूलरच्या बाबतीतही हेच लागू होत होतं, आणि त्या रात्री ती शांत झोपली.

३

तिनं ते तिथंच सोडूनही दिलं असतं. पण त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी कोणाकडे बोअरवेल खोदत होते. सकाळपासून मशीन कान किटवत होतं. अंकुश आमूला घेऊन दुधाच्या डेअरीवर निघाला होता. रस्ता ओलांडताना मशीन अचानक बंद पडलं आणि आमू रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. हात सुटलेला. वळणावरून टेम्पो आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारले म्हणून पोरगी राहिली. टेम्पो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता, आणि अंकुश सांगत होता की तिनं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

नंदिनीनं लेकीला पोटाशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. कूलरपाशी गप्प बसणं वेगळं आणि रस्त्यात उभं राहणं वेगळं. हे चालणार नव्हतं. आणि यावर काय करायचं ते गावात दुसऱ्या कोणाला नाही तरी तिला नक्की माहीत होतं.

औषध, सुई यातलं काही नाही. त्याचा विचारही तिच्या मनात आला नाही. फक्त शिकवण. तिनं अंकुशला समोर बसवून सगळं सांगितलं. रोज दुपारी आमूला चटईवर जवळ घेऊन बसायचं. कूलर आधी कमी वेगावर आणायचा, मग बटनानं बंद करायचा. तिला हलवायचं नाही, ओरडायचं नाही. हात हातात घेऊन म्हणायचं, "काही नाही होत, मी आहे ना." ती हलली की लगेच आंबापोळीचा तुकडा द्यायचा. मग म्हणायचं, "आता पुन्हा."

"आंबापोळी मले बी भेटंल का?" अंकुशनं विचारलं.

"तुला कशाला? तुला कशाचीच भीती नाही."

"तुही भीती तं हाय ना."

नंदिनी हसली. ती स्वतः दुपारी प्रयोगशाळेत असायची, आणि असती तरी उपयोग नव्हता. कूलर थांबला की तीही आमूच्या शेजारी दगड होऊन बसली असती. आपलंही बघावं लागेल, आधी पोरीचं होऊ दे, असं तिनं ठरवलं. आईलोकांचं आपल्या बाबतीत असंच असतं.

अंकुश दुपारी फोन करून प्रगती सांगायचा. पहिले काही दिवस काहीच नाही. मग एकदा, "आज बोटं हलवली." मग, "आज माह्याकडं पायलं अन् हसली." नंदिनी फोन ठेवून उगाच व्हरांड्यात फेऱ्या मारायची. तिला धम्मानंदला सांगावंसं वाटे, जगाला सांगावंसं वाटे.

मग एके दिवशी तो म्हणाला, "आज तं कमालच केली पोट्टीनं. कूलर बंद केला अन् उठून सरळ त्याच्याजवळ गेली. जाळीले नाक लावून उभी."

"कशाला?"

"पाहून राहिली म्हणे. बरं, ऐक, त्या कूलरमधी काही गडबड हाय का? टेबलावर पेपर तपासून ठेवले होते, तं बंद कूलरकडं उडाले. एकेक करून जाळीले जाऊन चिपकले."

"बाहेर गरम वारा, लू वाहते ना. ओढून घेत असेल."

"हाव, तसंच असंल," अंकुश म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर भिंतीला लावलेल्या स्टँडवर तो कूलर होता आणि त्याच्यामागे हवेशिवाय काहीच नव्हतं. तेव्हा हवाच असणार.

४

शनिवारी ती इतवारीत आईकडे गेली. अंजनाबाई भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहत आणि लेकीनं कितीही सांगितलं तरी प्रताप नगरात राहायला येत नसत. तिथं शेजारपाजारचं कोणी ओरडत नाही, मले झोप नाई लागत, असं त्यांचं म्हणणं होतं.

नंदिनीनं सहज विचारावं तसं विचारलं. कूलर थांबला की तू काय करतेस, आई?

अंजनाबाई लसूण सोलत होत्या. "काही नाई करत. बसते."

"हलत नाहीस?"

"कायले हालाचं? आमच्या टायमाले कूलर कुठं होता. दारात वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी माराचं अन् वाऱ्याची वाट पाहाची. वारा पडला का आमी हालत नोतो. माही माय बी नाई, तिची माय बी नाई. वारा सुटला का आपल्या कामाले लागाचं."

"पण काहून?"

"काहून का, बाई. हालू नाई, बस." त्यांनी एक पाकळी नखानं सोलली. "तुले तं म्या कधी सांगतलं बी नाई. तू तान्ही होती तवापासूनच गप राहे. म्या म्हटलं, चांगलं झालं, हिले सांगाचं काम नाई पडलं."

खाली गल्लीत हातगाडीवर पाण्याचे पितळी गुंड आदळत होते. नंदिनीला तो आवाज हवाहवासा वाटला.

"आणि कोणी हललं तर?"

अंजनाबाईंनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "माही मोठी बहीण हालली होती. मनकर्णा. पोट्टीच होती, आमूएवढी. उठली अन् ताटीजवळ गेली."

"मग? काय झालं तिला?"

"काही नाई झालं. चांगली राह्यली. लगीन झालं, लेकरं झाली. हासून खेळून राहे." अंजनाबाईंनी मांडीवरची सालं झटकली. "फकत मायनं मंग तिच्यासमोर कधी डोये मिटले नाई. रातभर जागी बसे. आमी म्हणो, माय, झोप ना वं. तं म्हणे, तुमी झोपा, मी पाहतो. मंग एक दिवस झोपली. मनकर्णानंच निजवली तिले, डोकशावरून हात फिरवून फिरवून. त्याच्यानंतर माय बी हासून खेळून राहाले लागली. अन् मी मामाच्या गावी पळून गेली."

"पळून काहून गेलीस?"

"मले का मालूम. लहान होती मी. पाय निंगाले." त्यांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "आमू बसते ना गप?"

"बसते," नंदिनी म्हणाली. आईशी ती सहसा खोटं बोलत नसे.

"मंग बरं हाय," अंजनाबाई म्हणाल्या.

५

आईचं बोलणं जुन्या काळच्या गोष्टी म्हणून नंदिनीनं सोडून दिलं होतं आणि आमूची तालीम थांबवली नव्हती. सोमवारी दुपारी जेवून ती प्रयोगशाळेत परतली तेव्हा धम्मानंद दारातच उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर नवरदेवाचा आनंद होता.

"मॅडम, पेपर झाला आपला. मोठा पेपर. पाहा तुम्ही."

त्यांच्याकडे एका पेटीत चार उंदीर होते. त्यातल्या एकालाच तो टीचभर आरएनए वाढवणारी सुई दिलेली होती. ओळख म्हणून त्याच्या शेपटीवर शाईची निळी खूण होती. बाकी तिघांना नुसतं मिठाचं पाणी. धम्मानंदनं आदल्या आठवड्यातला व्हिडिओ लावला. लाइन गेली. खोलीभरचे उंदीर जाळीकडे तोंड करून गोठले. निळ्या शेपटीचा मात्र चालत पुढं आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि पेटीच्या झाकणाला नाक लावून जाळीकडे बघायला लागला.

नंदिनी उंदराकडे बघत नव्हती. ती जाळीला बांधलेल्या कागदाच्या पट्टीकडे बघत होती. पट्टी लोंबत नव्हती. ती जाळीच्या आत खेचली गेली होती, ताठ. मग सुटली, बाहेर आली. मग पुन्हा आत गेली, सावकाश. एसी बंद होता. पट्टी आत जात होती आणि बाहेर येत होती, आणि हा ठेका नंदिनीच्या इतक्या ओळखीचा होता की तिचा अंगठा टेबलावर दाबला गेला. गोठलेल्या उंदराचं पोट असंच हलतं.

"आता मजा पाहा," धम्मानंद म्हणाला. "हे दुसऱ्या दिवशीचं. एसी चालू हाय, लक्षात घ्या."

पट्टी जोरात फडफडत होती. पेटीच्या एका कोपऱ्यात तिघं उंदीर एकमेकांना चिकटून बसले होते. श्वासाशिवाय काही हलत नव्हतं. त्यांची तोंडं जाळीकडे नव्हती. ती निळ्या शेपटीच्या उंदराकडे होती. तो त्यांच्याजवळ गेला, घाई न करता. त्यानं एकेकाच्या डोक्यावरचे, कानामागचे केस चाटले, आया पिलांना चाटतात तसे. पहिल्याचे केस चाटणाऱ्याच्या नाकाच्या दिशेनं उभे राहिले. पुष्कळ वेळानं तो पहिला सैल झाला आणि भुसा उकरायला लागला. मग दुसरा. मग तिसरा.

"आता लाइन गेली तरी चौघंबी गोठत नाई," धम्मानंद म्हणाला. "तिघांले तं औषध दिलंच नव्हतं. एकाची गेली तं त्यानं बाकीच्यांची घालवली. विचार करा मॅडम, किती मोठी गोष्ट हाय."

"हे तिघं आता कसे आहेत?"

"मस्त हायेत. खाऊन राहिले, खेळून राहिले." त्यानं व्हिडिओ बंद केला. "फकत शेजारच्या पेट्यांतले आता त्यांच्याकडं तोंड करून बसतात. त्याचं कारण पाहू."

नंदिनीनं अंकुशला फोन लावला. घंटी पूर्ण वाजली आणि थांबली. तिनं पुन्हा लावला. झोपला असेल, दुपार आहे, नागपूर आहे, अख्खं गाव झोपलेलं आहे, असं ती स्वतःला सांगत होती आणि सांगता सांगता पर्स उचलून जिन्यापर्यंत आलीसुद्धा होती.

६

ओढणीनं तोंड गुंडाळून ती स्कूटीवरून निघाली. रस्ते रिकामे होते. झाडंसुद्धा हलत नव्हती. डांबरावर पाण्यासारखं काहीतरी चमके आणि जवळ गेलं की नाहीसं होई. अशा उन्हात गाडी चालवताना आपण पुढं जातो आहोत असं वाटतच नाही. घरं येतात आणि मागं जातात, आपण एका जागी असतो. तिला एकदा असंही वाटलं की आपण चटईवरच आहोत, शेजारी आमू लोळते आहे आणि हे सगळं आपण पेंगेत बघतो आहोत. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

जिना चढताना तिला कूलरची घरघर ऐकू आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. कूलर चालू होता. लाइन होती. तिनं किल्लीनं दार उघडलं.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यात अंकुश तिच्याकडे पाठ करून उभा होता. हातात माठातून भरलेला तांब्या. तांब्या कलंडला होता आणि पाण्याची धार संथपणे फरशीवर पडत होती.

"अंकुश," ती म्हणाली.

तो वळला नाही. ती त्याच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावरून तिनं आत बघितलं.

आमू चटईवर बसली होती. फ्रॉक धुतलेला, वेणी घातलेली. मांडीवर आंबापोळीची वडी, आणि ती तिचे बोटानं सारखे तुकडे करत होती. तपकिरी, गार उजेड होता. वाळ्याचा वास होता. आईला बघून आमू तोंडभर हसली, दोन दातांची फट दिसली, आणि तीच ती आमू होती, नंदिनीची आमू, गालावर सकाळी लावलेली घामोळ्याची पावडर.

आणि नंदिनीचे पाय जमिनीला चिकटले ते चिकटलेच.

या वेळी तिला सगळं कळत होतं. आपण गोठलो आहोत, हे ती आतून बघत होती. मान वळवायला गेली, वळली नाही. कूलर समोर चालू होता, त्याची हवा थेट अंगावर येत होती, आणि तिची नजर कूलरवर नव्हती. ती आमूवर होती.

आमू उठली. घाई न करता जवळ आली. आधी तिनं बापाचा हात हातात घेतला. "काही नाई होत, बाबा," ती म्हणाली. "मी आहो ना." तिनं टाचा उंचावून एक तुकडा त्याच्या ओठांशी धरला. थोड्या वेळानं अंकुशचा जबडा हलला. तो चघळायला लागला. त्याचे खांदे उतरले, त्यानं तांब्या सरळ केला आणि फरशीवरच्या पाण्याकडे बघून चक् केलं.

"आली का?" तो नंदिनीला म्हणाला. आवाज अगदी रोजचा होता. "पहिल्यांदा थोडं जड जाते. मले बी गेलं. मंग काही वाटत नाई." आणि तो फडकं आणायला मोरीकडे गेला.

मग आमू आईपाशी आली. तिनं नंदिनीचा हात धरला. हात लहान होता, चिकट होता, गरम होता. तिनं आईची मान खाली ओढून घेतली आणि तोंडाजवळ तोंड आणलं. कूलरची हवा नंदिनीच्या चेहऱ्यावर येत होती, ओढणी मागं उडत होती. आणि कपाळावरच्या बटा मात्र पुढं आल्या होत्या, आमूच्या ओठांच्या दिशेनं, ताठ. मग त्या सुटल्या. मग पुन्हा पुढं गेल्या, सावकाश.

"काही नाई होत, आई," आमू म्हणाली. "मी आहो ना."

नंदिनीच्या अंगात आता एकच गोष्ट शिल्लक होती आणि ती म्हणजे ही भीती. तिनं ती दोन्ही हातांनी धरावी तशी धरून ठेवली. जोवर आपण घाबरलेलो आहोत तोवर आपल्याला माहीत आहे की आपली आमू कुठंतरी त्या जाळीपलीकडे राहिली आहे. ही गेली की ते माहीत असणारं या घरात कोणीच उरणार नाही. आमूसाठी एवढं तरी आपल्याला केलंच पाहिजे. तिनं निकरानं धरून ठेवली. आमूचा हात तिच्या डोक्यावरून, कानामागून फिरत होता, आणि धरलेलं कुठूनतरी सैल होत चाललं होतं.

मोरीत फडकं पिळल्याचा आवाज आला. नंदिनीचं एक बोट हललं.

"बघ, हललीस," आमू म्हणाली आणि खूश झाली. तिनं तुकडा पुढं केला. नंदिनीनं तोंड उघडलं. आंबापोळी गोड होती, जराशी आंबट.

"आता पुन्हा," आमू म्हणाली.